जनावर घरचं, घाण गावाची

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेला जा. पार्किंग आणि गळती हे दोन विषय संपले की आवाज चढतो तो कुत्र्यांवरून. लिफ्टमधून न्यायचं की जिन्यानं, पुढच्या गेटनं काढायचं की मागच्या, कुणीतरी जिन्याखाली भटक्यांसाठी भात ठेवतं त्याचं काय. एक बाजू म्हणते, मुक्या जिवांचा एवढा राग कशाला. दुसरी म्हणते, आमच्या लेकरांना काही झालं तर जबाबदार कोण. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमतानं ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. तरी ठराव होतो, वकिलाची नोटीस येते आणि पुढच्या सभेत तेच भांडण पहिल्यापासून सुरू होतं.

या भांडणात रोगाचं नाव वारंवार निघतं, पण ते समोरच्याला गप्प करण्यासाठी. रोग जनावराकडून माणसाकडे कोणत्या वाटेनं येतो, त्या वाटेत कोण सापडतं आणि ती वाट बंद करायला काय लागतं, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर ध्यानात येतं की घरात कुत्रा, मांजर, शेळी किंवा कोंबडी आहे म्हणून आजार झाला असं फार क्वचित घडतं. आजार येतो तो त्यांच्या लघवी-विष्ठेतून, सांडलेल्या खाण्यातून, तुंबलेल्या पाण्यातून आणि चुकलेल्या लसीतून. हा सफाईचा आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. आपण तो प्राणिप्रेम विरुद्ध प्राणिद्वेष असा करून ठेवला, आणि त्याची किंमत मोजतात ती माणसं, ज्यांच्या घरात कुत्राही नाही आणि ज्यांच्या इमारतीला लिफ्टही नाही.

लेप्टोस्पायरोसिसचंच बघा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर तापाचे रुग्ण यायला लागले आणि मुंबई-ठाण्यातल्या घराघरांत 'लेप्टो' हे नाव पोचलं. लेप्टो म्हणजे उंदीर, हे तेव्हापासून लोकांच्या मनात पक्कं बसलं. ते खरं आहे, पण अर्धंच. हा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. उंदराला स्वतःला काही होत नाही. पण तोच जंतू कुत्र्याच्या, गाई-म्हशीच्या, डुकराच्या, शेळीच्याही मूत्रपिंडात राहू शकतो. लागण झालेला कुत्रा वरून ठणठणीत दिसत असतानाही कित्येक आठवडे, कधी कधी महिने, जंतू सोडत राहतो. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. ऊन, कोरडेपणा आणि क्लोरीन यांपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. म्हणून हा पावसाळ्याचा रोग.

माणसाच्या अंगात तो शिरतो पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून, डोळ्या-नाका-तोंडातून. ताप बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांत येतो, क्वचित महिन्यानंही. पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर निभावतं. ज्यांचं निभावत नाही त्यांना कावीळ होते, मूत्रपिंडं निकामी होतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो. सुरुवातीला तो अगदी डेंग्यूसारखा दिसतो, आणि रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी पहिल्या पाच-सात दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. वेळेत ओळखलं तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त गोळीनं काम होतं. म्हणूनच मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते की साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. उशीर झाला की गाठ आयसीयूशी.

या वाटेत सापडतं कोण? वंदना सिनेमाच्या परिसरात पाणी तुंबलं की गटाराचं झाकण उघडायला उतरतो तो कंत्राटी सफाई कामगार. त्याला गमबूट दिलेले असतात, पण पाणी गुडघ्यावर चढलं की गमबूटच भरून जड होतात. मग ते काठावर काढून ठेवून तो अनवाणी उतरतो. किसननगर, लोकमान्यनगर, मुंब्रा, दिवा इथल्या सखल गल्ल्यांतून चपला हातात धरून शाळेत जाणारी मुलं असतात. दिवाळे, सारसोळे इथले कोळी खाडीच्या चिखलात उतरून खेकडे आणि निवट्या धरतात. यांच्यापैकी कुणी सोसायटीच्या सभेत बोलायला येत नाही.

आणि या पाण्यात येतं काय काय, हेही बघायला हवं. सकाळी सहा-साडेसहाला घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर, वसंत विहारच्या फुटपाथवर, नेरुळ-सीवूड्सच्या सेक्टरांमध्ये पाळलेली कुत्री फिरायला निघतात. हल्ली पिशवी घेऊन जाणारे दिसतात आणि त्यांचं मनापासून कौतुक वाटतं, पण ते अजून थोडे आहेत. बाकीचे कुत्र्याला झाडाच्या बुंध्याशी किंवा शेजारच्या सोसायटीच्या भिंतीशी नेतात आणि पुढे चालू लागतात. आपल्या संडासातलं मैलापाणी नळातून मलप्रक्रिया केंद्रात जातं. नवी मुंबईला आपल्या या केंद्रांचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण रस्त्यावरून वाहणारं पाणी त्या नळात जात नाही. पावसाळी गटारं वेगळी असतात. ती नाल्याला मिळतात आणि नाला खाडीला. नवी मुंबईत मध्ये सिडकोनं बांधलेले धारण तलाव आहेत, पण ते भरतीच्या वेळी पावसाचं पाणी अडवून धरण्यासाठी; पाणी शुद्ध करणं हे त्यांचं काम नाही. म्हणजे माणसाची घाण प्रक्रिया होऊन खाडीत जाते, आणि कुत्र्या-म्हशींची जशीच्या तशी. स्वच्छ सर्वेक्षण 2023 मध्ये देशात तिसऱ्या आलेल्या शहराच्या हिशेबात ही घाण धरलेलीच नाही.

कळव्याच्या पुढे, दिव्याकडे आणि भिवंडीच्या वाटेवर अजून तबेले आहेत. तिथलं शेण आणि मूत पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन गटारात ढकललं जातं, कारण शेण उचलून नेण्याची सोय नाही आणि असली तर परवडत नाही. तबेलेवाल्यांना शहराबाहेर घालवा, असं म्हणणं सोपं आहे. पण त्यांचं दूध आपल्याला हवं असतं. शेणाला गोबरगॅसची किंवा खताची वाट काढून देणं हे काम महापालिकेचं आहे आणि ते न झाल्याचा दोष एकट्या तबेल्यावर टाकणं मला पटत नाही. दुधाच्या बाबतीत मात्र आपल्या घरांनी स्वतःला सांभाळलंय. कच्च्या दुधातून ब्रुसेल्लोसिस होतो, महिनोन्‌महिने ताप उतरत नाही, सांधे धरतात. पण आपल्याकडे दूध घरात आलं की आधी तापवलं जातं. आज्यांच्या या शिस्तीनं कितीजणांचे आजार टळले असतील. आता 'कच्चं दूध पौष्टिक' असं सांगणारे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागून ही शिस्त कुणी मोडू नये. तबेल्यात हातानं वार काढणाऱ्या, गाभडलेल्या म्हशीला सोडवणाऱ्या कामगाराला मात्र दूध तापवून काही फायदा नाही. त्याला हातमोजे लागतात. म्हशीला लहानपणीच लस टोचलेली असावी लागते. देशात 2019 पासून चाललेल्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या पारड्यांना आणि कालवडींना ही लस देण्याची तरतूद आहे. ती शहराच्या कडेच्या तबेल्यात नियमित पोचावी, एवढीच मागणी आहे.

उंदराकडे पुन्हा यावं लागतं, कारण उंदीर आपण पोसतो. भटक्या कुत्र्यांना, मांजरांना खाऊ घालणं मला चुकीचं वाटत नाही. पण खाऊ घालणं म्हणजे कागदावर भात-कोंबडी टाकून निघून जाणं नव्हे. कुत्रं पोटभर खाऊन निघून जातं, उरलेलं रात्री उंदीर-घुशी खातात, आणि गटाराच्या भिंतीत त्यांची पिलावळ वाढते. 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम खाऊ घालायला बंदी करत नाहीत. जागा ठरवा, ती मुलांच्या खेळण्यापासून आणि जाण्या-येण्याच्या वाटेपासून दूर असू द्या, आणि खाऊ घालणाऱ्यानं घाण करू नये, असं ते सांगतात. म्हणजे भांडं ठेवायचं, अर्ध्या तासानं उचलायचं, जागा धुवायची. एवढं जे करतात त्यांच्याशी सोसायटीनं भांडू नये, आणि जे करत नाहीत त्यांनी भूतदयेचं नाव घेऊ नये.

कुत्र्याची शी उचलण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट केवळ शिष्टाचाराची समजली जाते. कुत्र्या-मांजरांच्या आतड्यातल्या गोल जंताची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती बाहेर पडल्याबरोबर लागण करू शकत नाहीत. मातीत दोन-चार आठवडे गेले की त्यांच्यात अळी तयार होते आणि मग ती अंडी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं मातीत टिकून राहतात. उद्यानातल्या वाळूत खेळणारं मूल हात तोंडात घालतं, आणि अळी आतड्यातून यकृतात, फुप्फुसांत, क्वचित डोळ्यात जाऊन बसते. डोळ्यात गेली तर दृष्टी जाऊ शकते. आता यातला दिलासा बघा: ताजी विष्ठा त्याच वेळी उचलली तर ही सगळी साखळी तुटते. दोन-चार आठवड्यांची मुदत निसर्गानंच दिलेली आहे. पिल्लांना आईच्या पोटातूनच जंत येतात, म्हणून ती पंधरा दिवसांची झाल्यापासून जंताचं औषध सुरू करायचं आणि मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी द्यायचं.

उचललं तर टाकायचं कुठे, हा पुढचा प्रश्न, आणि तोही खराच आहे. प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून ओल्या कचऱ्यात टाकली तर घंटागाडीवरचा कामगार प्लास्टिक वेगळं करायला ती गाठ हातानं सोडतो. म्हणजे कुत्र्याच्या मालकानं हात लावला नाही, तो दुसऱ्यानं लावला. कागदात उचलून आणावी, शी घरच्या संडासात टाकून फ्लश करावी, म्हणजे ती आपल्या मैल्याबरोबर प्रक्रिया केंद्रात जाते. कागद सॅनिटरी कचऱ्यासारखा वेगळा, खूण करून द्यावा. मांजराची वाळू मात्र संडासात टाकायची नाही, नळ तुंबतात. ती घट्ट बांधून, खूण करून वेगळी द्यायची. हे सगळं सोसायटीच्या सूचनाफलकावर पाच ओळींत मावतं. त्याऐवजी फलकावर 'पाळीव प्राण्यांना मनाई' लिहिलेलं असतं.

मांजराबद्दल एक गैरसमज इतक्या घरांत दुःख देऊन जातो की तो इथे बोलायलाच हवा. सुनेला दिवस गेले की घरातली वडील मंडळी सांगतात, मांजर घालवा. कारण टोक्सोप्लाझ्मोसिस. हा आजार गर्भाला खरोखर इजा करतो, त्यामुळे भीती चुकीची नाही. पण मांजर आयुष्यात पहिल्यांदा लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडेच विष्ठेतून हे जंतू सोडतं, आणि ते लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मांजराची पेटी रोज साफ केली आणि ती गरोदर बाईऐवजी दुसऱ्या कुणी केली, की धोका जवळजवळ संपतो. कच्चं राहिलेलं मटण, न धुतलेली पालेभाजी आणि बागेतली माती याही त्याच्या वाटा आहेत. मांजराला वाशीच्या मार्केटजवळ रात्री सोडून यायचं आणि भाजी न धुता चिरायची, यात गरोदर बाईचं रक्षण कुठलं?

गजकर्णाचंही तसंच. मांजरीच्या पिल्लाकडून ते मुलाच्या मानेवर येतं, आई मेडिकलमधून ट्यूब आणते, त्यात स्टेरॉइड असतं, खाज थांबते आणि गजकर्ण चारी बाजूंनी पसरतं. मुलाबरोबर पिल्लालाही औषध दिल्याशिवाय ते घरातून जात नाही. हे सांगायला पशुवैद्य जवळ असावा लागतो.

रेबीजकडे येतो. लक्षणं दिसू लागल्यावर यातून माणूस जवळजवळ वाचतच नाही आणि त्याआधी लस घेतली तर जवळजवळ मरत नाही, इतका स्पष्ट मामला दुसऱ्या कुठल्या रोगाचा नसेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीनुसार देशात वर्षाला सुमारे 91 लाख लोकांना प्राणी चावतात आणि 5,700 च्या आसपास माणसं रेबीजनं मरतात. जागतिक आरोग्य संघटनेचा आधीचा अंदाज 18 ते 20 हजारांचा होता. आकडा कमी झाला हे चांगलंच आहे, पण टाळता येणारे पाच हजार मृत्यू कुठल्याही हिशेबानं जास्तच. या मृत्यूंमागे बहुधा एकच गोष्ट असते: 'काही होत नाही' म्हणणं. भटकं कुत्रं चावलं तर माणूस धावत दवाखान्यात जातो. घरच्या पिल्लाचा दात लागला तर हळद लावतो. 2025 मध्ये उत्तर प्रदेशात एका तरुण कबड्डीपटूनं गटारात पडलेलं पिल्लू वाचवलं, ते बोटाला चावलं, त्यानं दुर्लक्ष केलं आणि काही महिन्यांत तो रेबीजनं गेला. इतक्या भल्या कामात जीव जावा, याची हळहळ अजून वाटते.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. यानंच विषाणूंचा मोठा भाग निघून जातो. तिखट, चुना, हळद काही भरायचं नाही. मग लस, आणि रक्त आलं असेल तर जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत लस फुकट मिळते. दंडाच्या स्नायूत दिली तर पाच, कातडीच्या थरात दिली तर चार भेटी. बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून लोकांच्या मनात आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस देशात 2004-05 च्या सुमारासच बंद झाली. वीस वर्षं उलटली तरी शाळा, अंगणवाडी, बचत गट, कुठेही ही गोष्ट ठासून सांगितली गेली नाही. चावलेलं मूल मार खाण्याच्या भीतीनं घरी सांगत नाही, हेही तितकंच जुनं. रेबीजच्या बळींत दहातले चार पंधरा वर्षांखालचे असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कुत्री उचलून नेऊन कुठेतरी डांबा, हा उपाय आता पुन्हा जोरात मांडला जातोय. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरासाठी आधी तसा आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलून निर्बीजीकरण-लसीकरणानंतर, पिसाळलेली व आक्रमक वगळून, कुत्री मूळ जागी सोडायला सांगितली. लोकांचा संताप मला समजतो. कुत्रं चावलेल्या मुलाला घेऊन आलेल्या आईला नियमावली वाचून दाखवता येत नाही. पण गोव्याकडे बघा. तिथे 2014 च्या सुमारास राज्य सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेनं गल्लोगल्ली जाळी घेऊन फिरायला सुरुवात केली, भटक्या आणि पाळीव दोन्ही कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांत मुलांना शिकवलं. 2021 मध्ये गोवा 'रेबीज-नियंत्रित क्षेत्र' जाहीर झालं. त्याआधीची तीन वर्षं तिथे रेबीजनं माणूस गेल्याची नोंद नव्हती. एखाद्या भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस दिली की विषाणूची साखळी तुटते, हे जगभर दिसून आलंय. ठाणे आणि नवी मुंबई मिळूनही क्षेत्रफळानं गोव्यापेक्षा लहानच आहेत. इथे हे का होऊ नये?

होत नाही याचं कारण कामाची वाटणी. माणसाचा ताप महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. भटकं कुत्रं महापालिकेच्या दुसऱ्या खात्याकडे. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी राज्याच्या पशुसंवर्धन विभागाकडे, ज्याचा कारभार मुळात खेड्यांसाठी उभा राहिला. सोसायटीतला लॅब्राडोर खासगी पशुवैद्याकडे. गटार अभियंत्याकडे. एकाच उंदराची लघवी या पाचही टेबलांवरून वाहते आणि कुणाच्याच फाइलीत पूर्ण दिसत नाही. खासगी दवाखान्यात एखादा कुत्रा लेप्टोच्या काविळीनं मेला, तर त्याच गल्लीतल्या माणसांना धोका आहे हे कळायला हवं. 2009 च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या केंद्रीय कायद्याच्या यादीत रेबीज आहे, लेप्टो आहे, आणि कळवण्याची जबाबदारी मालकावर आणि पशुवैद्यावर आहे. पण कळवायचं कुणाला, कोणत्या फोनवर, हे शहरातल्या पशुवैद्याला कुणी सांगितलंय? माणसं आणि जनावरं यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर 2022 मध्ये आपल्याच नागपुरात झाली. तिचा विचार ठाण्याच्या प्रभाग कार्यालयात पोचायला हवा.

कोंबड्यांच्या बाबतीत ही दरी सगळ्यात जास्त दिसते. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लूनं कोंबड्या मेल्या आणि आसपासच्या हजारो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. आपल्या घणसोली, गोठिवली, दिवाळे, बाळकुम, विटावा अशा गावठाणांत आगरी-कोळी घरांच्या मागे खुराडी आजही आहेत, आणि असावीत. ते त्यांचं खाणंपिणं आहे, देवकार्य आहे, बायांच्या हातातला पैसा आहे. पण कोंबडी अचानक मेली आणि कळवलं तर सगळ्याच मारतील, या भीतीनं मेलेली कोंबडी पिशवीत घालून नाल्यात टाकली जाते. भरपाईची रक्कम आणि मिळण्याचा दिवस आधीपासून माहीत असेल, तरच बाई फोन उचलेल. दंडाच्या धमकीनं ती उचलणार नाही.

म्हणूनच प्रत्येक प्रभागात जनावरांचा दवाखाना हवा. 'इथे माणसांना धड दवाखाना नाही आणि तुम्ही जनावरांसाठी मागता?' हा प्रश्न मला कळव्याच्या रुग्णालयाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसानं विचारला तर मी त्याचा आदर करीन. उत्तर असं आहे की हा दवाखाना माणसांसाठीच आहे. कुत्र्याला वर्षातून एकदा टोचलेली लस ही चावलेल्या माणसाच्या चार-पाच भेटी आणि इम्युनोग्लोब्युलिन यांच्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. आज ठाण्यातल्या रिक्षावाल्याचं मांजर आजारी पडलं तर त्याच्यापुढे बहुतेकदा दोनच वाटा: खासगी क्लिनिकची फी, नाही तर परळच्या बाई साकराबाई रुग्णालयापर्यंतचा प्रवास. दोन्ही न जमल्या तर मांजर रस्त्यावर जातं. प्रत्येक प्रभागात आठवड्यातून दोन दिवस पशुवैद्य बसवला, रेबीजची लस आणि जंताचं औषध फुकट दिलं, कुत्र्यांची लेप्टोची लस परवडेल अशा दरात दिली, तर परवाना काढायला लोक आपणहून येतील. नवी मुंबईत कुत्र्याचा परवाना सक्तीचा आहेच. आज लोकांना तो नुसता दंड टाळण्याचा कागद वाटतो. त्याच्या शुल्कातला पैसा याच दवाखान्यावर खर्च व्हावा, आणि तो वर्षाच्या शेवटी जाहीर करावा.

सोसायट्यांनीही बंदीचे ठराव सोडून नोंदवही ठेवावी: कोणत्या घरात कोणतं जनावर, रेबीजची लस कधी, जंताचं औषध कधी. मालकांनी ती नोंद स्वतःहून द्यावी. तो अपमान नाही. आणि पावसाळ्यात तापाचा रुग्ण आला की केसपेपरवर डॉक्टरांनी तीन प्रश्न छापील ठेवावेत: साचलेल्या पाण्यातून चाललात का, घरात किंवा कामावर जनावरांशी संबंध येतो का, गेल्या महिन्यात कुणी चावलं-ओरबाडलं का. यंत्र लागत नाही, नवीन माणूस लागत नाही. सुरुवातीला निगेटिव्ह आलेल्या रिपोर्टवर विसंबून लेप्टोचा रुग्ण घरी जाण्याचं प्रमाण यानंच कमी होईल.

सगळ्यात आधी मात्र नाल्यात उतरणाऱ्यांचं व्हावं. नालेसफाईच्या निविदा उन्हाळ्याच्या तोंडावर निघतात. त्यांच्या अटींत कमरेपर्यंतचे रबरी बूट, काम संपल्यावर साबण आणि स्वच्छ पाणी, पायाला जखम असलेल्याला त्या दिवशी भरपगारी दुसरं काम, पालिकेच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं डॉक्सिसायक्लिन, आणि ताप आल्यास मजुरी न कापता तपासणी, एवढ्या ओळी घालायला नवा कायदा लागत नाही. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांच्या सभागृहात ही मागणी मांडायला आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला आजच सांगता येतं, आणि ते सांगायला सोसायटीच्या लेटरहेडवर कुत्रा पाळणाऱ्यांनी आणि न पाळणाऱ्यांनी एकत्र सह्या कराव्यात.